‘पुढे न्या’ म्हणणारे राज्य

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तेत एक वाक्य वर्षानुवर्षे न चुकता छापले जाते : ‘हृदयक्रिया बंद पडून निधन झाले.’ वस्तुतः या वाक्याने काहीच सांगितले जात नाही. प्रत्येक मरणाऱ्या माणसाची हृदयक्रिया बंद पडतेच. ती का बंद पडली, त्या वेळी जवळ कोण होते, ती पुन्हा सुरू करण्याचा यत्न कोणी केला काय, आणि केला नसल्यास का केला नाही, हे चार प्रश्न त्या एका वाक्याच्या पोटात गाडले जातात. शहरातील सुखवस्तू घरात ते निदान विचारले तरी जातात. खर्डीत, कसाऱ्यात, डोळखांबात किंवा मुरबाडच्या टोकावड्यात ते सहसा विचारलेही जात नाहीत. तेथे मृत्यूला दैवाचे नाव मिळते, आणि दैवावर विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारता येत नाही.

खर्डी हे काही दुर्गम गाव नव्हे. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण दुर्गमता ही शासनाची आवडती सबब आहे. मुंबईपासून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर, मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर हे स्थानक आहे. मुंबई–आग्रा महामार्ग जवळून जातो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला, तोही याच शहापूर तालुक्यातून. त्या महामार्गावर एकंदर पन्नास हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. तो बांधताना १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे याच तालुक्यातील सरलांबे येथे गर्डर उचलणारी अजस्र यंत्रणा कोसळून २० कामगार ठार झाले, हेही विसरता कामा नये. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी याच मुलखातून निघते व मुंबईच्या नळांना पोचते. म्हणजे राज्याला खर्डीपर्यंत पोचता येत नाही असे मुळीच नाही. पाणी न्यावयाचे असते, मोटारी न्यावयाच्या असतात, तेव्हा डोंगर फोडून राज्य तेथे वेळेवर पोचते. माणसाचे हृदय थांबते तेव्हा मात्र खर्डी एकाएकी दूर होते.

कागदावरची साखळी पूर्ण आहे. गावात उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, खर्डीला ग्रामीण रुग्णालय, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, ठाण्याला जिल्हा रुग्णालय. परंतु या साखळीचे खरे क्रियापद एकच आहे : ‘पुढे न्या.’ उपकेंद्र म्हणते केंद्रात न्या, केंद्र म्हणते शहापूरला न्या, शहापूर म्हणते ठाण्याला न्या, ठाणे म्हणते मुंबईला न्या. रुग्ण जणू धीम्या लोकलचा उतारू आहे. प्रत्येक स्थानकावर थांबावयाचे आणि कोठेच उतरावयाचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा त्यांतील काहींना अगदी शेवटच्या अवस्थेत आणण्यात आले होते, असा खुलासा प्रशासनाने केला. खुलासा खरा मानला, तरी तो निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. रुग्ण शेवटच्या अवस्थेत का पोचतात, याचे उत्तर शेवटच्या रुग्णालयात मिळत नसते. ते मधल्या प्रत्येक स्थानकावर शोधावे लागते.

घड्याळाचा हिशेब

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छाती दुखते, घाम फुटतो. उपचारांसाठी काही तास हाती असतात. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, नाडी लागत नाही. आणि तेव्हा हाती तास नसतात, मिनिटे असतात. पहिलीचे रूपांतर दुसरीत केव्हा होईल याचा नेम नसतो. म्हणूनच छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला ‘पुढे न्या’ म्हणून जीपमध्ये बसविणे, हा एक जुगार आहे. तो खेळते शासन. डाव लागतो तो रुग्णाचा.

१९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखवून दिले की, थांबलेल्या हृदयासाठी छाती कापण्याची आवश्यकता नाही. दोन्ही हातांनी छातीच्या मधोमध तालबद्ध दाब दिला, तर मेंदूला पुरेल इतके रक्त काही काळ फिरत राहते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे आजचे प्रमाण आहे. अशा वेळी अनेकांचे हृदय पूर्णपणे थांबलेले नसते. ते नुसते थरथरत असते. त्याला ठिकाणावर आणण्यास विजेचा धक्का लागतो, आणि तो देणारे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. छातीवर दाब नाही आणि शॉकही नाही अशा स्थितीत गेलेले प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता शेकडा सात ते दहांनी घटविते. दहा मिनिटांनंतर उरतो तो बहुधा पंचनामा.

या दोन पायऱ्यांवर तिसरी पायरी उभी आहे. ईसीजीवरील ठोक्याची लय ओळखणे, श्वासमार्ग मोकळा करून श्वास देणे, अ‍ॅड्रेनॅलिन किंवा अ‍ॅमिओडॅरोन यांसारखी औषधे नेमक्या वेळी शिरेतून देणे, हृदय का थांबले त्याचे कारण शोधून ते दूर करणे, आणि हृदय पुन्हा सुरू झाल्यावर रुग्णाला सांभाळणे. या सर्वांस मिळून वैद्यकात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्ट’ म्हणतात. मराठीत त्याला प्रगत जीवनरक्षण म्हणावे. खर्डीचा प्रश्न आहे तो हा : या तिसऱ्या पायरीपर्यंत जाण्याची सिद्धता तेथील डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डबॉय यांच्यापाशी रात्री दोन वाजता असते काय? आणि नसेल, तर दोष कोणाचा?

दोन सबबी

या प्रश्नाला बगल देणाऱ्या दोन सबबी आहेत. एक सरकारी कचेरीतून येते, दुसरी स्वकीयांच्या गोटातून.

स्वकीयांची सबब आधी घेतलेली बरी, कारण ती प्रामाणिक आहे. हे मित्र म्हणतात : जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, जेथे कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर पोरे कुपोषित आहेत, तेथे हृदयाला शॉक देण्याच्या यंत्राची मागणी करणे म्हणजे अर्धपोटी माणसाला रेशमी धोतर देणे होय, हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग आहे. यातील पहिला अर्धा भाग सत्य आहे, दुसरा साफ चूक आहे. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतातील एकूण मृत्यूंपैकी शेकडा २८ मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. एवढे श्रीमंत या देशात नाहीत. १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, ते तर डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. हृदयविकाराला निमंत्रण देणारी कारणे श्रीमंत देशांत सर्वांत अधिक आढळली आणि गरीब देशांत सर्वांत कमी; परंतु हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण गरीब देशांतच सर्वाधिक निघाले. गरिबाचे हृदय अधिक दुबळे नसते. ते सावरणारा हात त्याच्याजवळ नसतो.

भारताचा स्वतःचा पुरावाही हाताशी आहे. देशातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने किंवा तत्सम तीव्र त्रासाने दाखल झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ने छापली. तीस दिवसांच्या आत गरीब रुग्णांपैकी शेकडा ८.२ मरण पावले, श्रीमंतांपैकी शेकडा ५.५. मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबात धरली, तेव्हा हे अंतर नाहीसे झाले. वर्गभेद रक्तात नव्हता, उपचारांत होता, असे याहून स्पष्ट शब्दांत कोणते आकडे सांगू शकतील? आणि ही पाहणी रुग्णालयापर्यंत जिवंत पोचलेल्यांची आहे. वाटेत गेले ते या हिशेबातही नाहीत.

शिवाय शहापूर-मुरबाडात हृदयक्रिया बंद पडण्यास धमन्यांचा विकारच लागतो असे नाही. सर्पदंशाने श्वास थांबतो, मागोमाग हृदय थांबते. भातशेतीत वीज अंगावर पडते, पंपाचा शॉक बसतो, धरणाच्या फुगवट्यात पोर बुडते, बाळंतिणीला रक्तस्राव होतो. या प्रत्येक ठिकाणी लागणारी सिद्धता मुळात एकच आहे : श्वास द्यावयाचा, छाती दाबावयाची, लय पाहावयाची, कारण शोधावयाचे. जो आरोग्यसेवक हृदयासाठी तयार आहे, तो सापासाठीही तयार आहे.

खालच्या पायरीवरील सज्जतेने काय घडते, याचे उदाहरण कोकणातच आहे. १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण पाहिले. तांबड्या विंचवाचे विष हृदयावर आघात करते, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण दगावतो. शंभरातले तीस-चाळीस मरत, आणि ते विधिलिखित मानले जाई. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण केले, रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले, आणि मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन मुंबईतील वातानुकूलित दालनात झाले नाही. ‘पुढे न्या’ असे न म्हणणाऱ्या एका डॉक्टरने ते ग्रामीण आरोग्य केंद्रात केले. तेव्हा पाणी आधी की शॉकचे यंत्र आधी, हा वादच खोटा आहे. ज्या तालुक्याचे पाणी महानगर पिते, त्या तालुक्याला पाणी आणि प्राण यांतून एक निवडावयास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता कचेरीची सबब. ती अशी : ‘कर्मचारी प्रशिक्षित नाहीत, म्हणून त्यांना प्रशिक्षण देण्यात येत आहे.’ मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात कार्यशाळा होते. रबरी बाहुलीवर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. दीपप्रज्वलन होते, छायाचित्र निघते, प्रमाणपत्र वाटले जाते, आणि अहवालात ‘उद्दिष्ट शंभर टक्के साध्य’ असे लिहिले जाते. ६ डिसेंबर २०२३ रोजी तर देशभर एकाच दिवशी लाखो लोकांना सीपीआरची ओळख करून देण्यात आली. सामान्य नागरिकाला ही ओळख होणे चांगलेच आहे. परंतु ओळख म्हणजे सिद्धता नव्हे. हे कौशल्य हाताचे आहे. सराव नसेल तर सहा महिने ते वर्षभरात ते ओसरते, असे अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते. कागद चालू असतो, हात मात्र विसरलेला असतो. त्या अभ्यासक्रमाचे शुल्कही हजारांत मोजले जाते, आणि कंत्राटी सिस्टरने ते आपल्या पगारातून भरावे अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. वास्तविक भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ साली भारतीय परिस्थितीला अनुरूप अशी तीन टप्प्यांची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली : सामान्य जनांसाठी, रुग्णालयाबाहेरील आरोग्यसेवकांसाठी आणि रुग्णालयातील आरोग्यसेवकांसाठी. साधन देशात उपलब्ध आहे. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, कामाच्या वेळेत, फुकट आणि दर तीन महिन्यांनी पोचविण्याची इच्छा तेवढी नाही.

सिद्धतेचे अर्थशास्त्र

सिद्धता हा व्यक्तीचा गुण आहे, अशी समजूत शासन पसरविते. वस्तुतः सिद्धता ही बेरीज आहे. आठवड्याचे तास १६८. एक कर्मचारी ४८ तास काम करतो असे धरले, तरी एक खुर्ची अहोरात्र भरलेली राहण्यास किमान चार माणसे लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण आणि बैठका धरल्या की पाच. आता छाती दाबणारा माणूस दोन मिनिटांत थकतो, म्हणून दोघे आलटून-पालटून दाबणारे हवेत. एक श्वास देणारा, एक सुई व औषधे पाहणारा, आणि एक यंत्रावर नजर ठेवून आज्ञा देणारा. याचा अर्थ रात्री दोन वाजता पाच जण हाकेच्या अंतरावर असले पाहिजेत. जेथे रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक शिपाई असतात, तेथे त्या सिस्टरला जगातील सर्वोत्तम प्रशिक्षण दिले, तरी ती प्रगत जीवनरक्षण करू शकणार नाही. तिला चार हात नाहीत. रिक्त पद हे अर्थसंकल्पातील बचत म्हणून दाखविले जाते. खर्डीत ती बचत मृत्यूच्या नोंदवहीत उतरते.

यंत्रांचेही तसेच आहे. डिफिब्रिलेटर विकत घेणे ही बातमी होते. त्याची बॅटरी दर आठवड्याला तपासणे ही बातमी होत नाही. पॅडची मुदत संपते, ईसीजीचा कागद संपतो, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी सापडत नाही. महागडे यंत्र हरवले किंवा बिघडले तर वसुली कोणाकडून, या धास्तीने ते कुलूपबंद कपाटात जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरात मात्र तंदुरुस्त राहते. ही कर्मचाऱ्याची नादानी नव्हे. जे खाते यंत्र वापरून बिघडल्यास शिक्षा करते आणि न वापरता माणूस मेल्यास काहीच विचारत नाही, त्या खात्यात कुलूप हेच शहाणपण ठरते.

अधिकाराचा प्रश्न याहूनही मोठा. १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले, तेव्हा खरी क्रांती झाली ती परिचारिकेला डॉक्टरची वाट न पाहता शॉक देण्याचा अधिकार मिळाला तेव्हा. रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडलेल्या आणि शॉक लागू पडेल अशा रुग्णांची अमेरिकेतील पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दोन मिनिटांत शॉक मिळालेल्यांपैकी शेकडा ३९ घरी परतले. ज्यांना उशीर झाला त्यांच्यापैकी शेकडा २२. आपल्याकडे सिस्टरने डॉक्टरला निरोप पाठवावयाचा, डॉक्टरने क्वार्टरमधून यावयाचे, आणि तोवर ही दोन मिनिटे संपावयाची. लेखी स्थायी आदेशाने सिस्टरला हा अधिकार देण्यास शासनाला एक पैसाही लागत नाही. अडथळा तिजोरीचा नाही, श्रेणीच्या अहंकाराचा आहे.

आणि या साखळीला धनी किती आहेत? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाकडे, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका खासगी कंत्राटदाराकडे. माणसाच्या आयुष्यातील दहा मिनिटे चार मालकांत वाटली गेली आहेत; म्हणून त्या दहा मिनिटांना कोणीच जबाबदार नाही. कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करावे या मागणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर गेले. ज्याला पुढील वर्षी आपण कोठे असू हे ठाऊक नाही, त्याने सहकाऱ्यांसह एक पथक घडवावे ही अपेक्षाच असंबद्ध आहे. पथक वर्षांनी घडते, कंत्राट महिन्यांनी संपते.

१०८ ची सेवा राज्यात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ वाहने होती. त्यांपैकी प्रगत जीवनरक्षणाची सामग्री असलेली केवळ २३३. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे पावणेपाच लाखांहून अधिक माणसांमागे असे एक वाहन. सबंध शहापूर तालुक्याची लोकसंख्याही एवढी नाही! या हिशेबाने एका पूर्ण तालुक्याच्या वाट्याला एक अख्खे वाहनही येत नव्हते. त्या वाहनांवर बहुतांशी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर डॉक्टर रात्रंदिवस राबत आले आहेत. त्यांच्या पदवीवरून नाके मुरडणाऱ्यांनी, त्यांच्या सरावासाठी काय केले ते आधी सांगावे.

पैसा प्रथम कोठे

येथे एक सावधानता आवश्यक आहे. ‘प्रगत’ या शब्दाला बाजार फार लवकर चिकटतो. उद्या एखादा पुढारी खर्डीत कोट्यवधींच्या चकचकीत कक्षाचे उद्‌घाटन करील, आणि छाती दाबण्यास मात्र माणूस नसेल. म्हणून विज्ञानाने खर्चाचा जो क्रम दाखविला आहे, तो कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या १७ शहरांत शॉक देण्याची जलद सेवा आधीच होती. तिच्यावर रुग्णवाहिकेतील प्रगत उपचारांची भर घातली, तेव्हा जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.० चे ५.१ झाले, म्हणजे जेथल्या तेथे राहिले. हा निष्कर्ष २००४ चा. ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलेल्यांपैकी शेकडा ३.२ महिन्यानंतर जिवंत होते, न दिलेल्यांपैकी २.४, परंतु मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ प्रगत उपचार निरर्थक आहेत असा नव्हे. पाया नसताना बांधलेला मजला निरर्थक असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे आकडे, हृदय रुग्णालयापासून दूर बंद पडले तर जगणे किती दुर्मीळ असते, हेही सांगतात; आणि म्हणूनच ते बंद पडण्याआधीच रुग्णाला हाती घेणे सर्वांत शहाणपणाचे.

तेव्हा क्रम असा : प्रथम हात, मग शॉक. छातीत दुखत असलेल्या प्रत्येकाचा दहा मिनिटांत ईसीजी आणि लगेच अ‍ॅस्पिरिन. गुठळी विरघळविणारे औषध खर्डीतच. त्यानंतर, शॉकचे यंत्र आणि ते वापरणारी व्यक्ती सोबत देऊन, पुढे न्यावयाचे. स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन या दोन जुन्या औषधांनी पाच आठवड्यांतील मृत्यू शेकडा १३.२ वरून ८ वर येतात, हे १९८८ सालीच सिद्ध झाले. आज त्याहून सोपी औषधे आहेत. शेजारच्या गोव्याने २०१८ च्या अखेरीस, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय मध्यवर्ती ठेवून परिघावरील सरकारी आरोग्य केंद्रांतून ईसीजी पाठविण्याची आणि तेथल्या तेथे हे औषध देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रानेही २०२१ पासून काही जिल्ह्यांत तसा उपक्रम हाती घेतला. मार्ग माहीत नाही, असे आता कोणी म्हणू नये.

उलट राज्याची तिजोरी कोठे वाहते ते पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून नामांकित खासगी रुग्णालयातील अँजिओप्लास्टीचे पैसे शासन भरते. गरिबाला त्याचा लाभ होतो हे खरे, आणि योजना बंद करा असे कोणी म्हणणार नाही. परंतु विमा रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. त्या दारापर्यंत जो पोचत नाही, त्याच्यासाठी तो कागद आहे. शहरातील स्टेंटला पैसा आहे आणि खर्डीतील पाच माणसांच्या पगाराला नाही. याला टंचाई म्हणत नाहीत, अग्रक्रम म्हणतात.

हक्क आणि राग

हे सर्व दान म्हणून मागावयाचे नाही. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला पुढे पाठविले, आणि मग एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘सोय नाही, खाट नाही’ म्हणून परतविले. अखेर त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाच्या अडचणीची सबब राज्याला पुढे करता येणार नाही. रुग्णाला स्थिर करता येईल इतकी सोय प्राथमिक केंद्रातही असली पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. रेल्वेतून पडलेला मजूर आणि ‘पुढे न्या’ म्हणणारी साखळी : हा खटला जणू कसारा मार्गावरचाच आहे. एका शेतमजूर संघटनेने तो जिंकला, हे श्रमिकांच्या चळवळीने कधी विसरू नये.

परंतु चळवळीने आपल्या घरातही डोकावले पाहिजे. रुग्ण दगावला की जमाव रुग्णालयावर चालून जातो, काचा फुटतात, डॉक्टरला मारहाण होते, आणि कधी कधी त्या जमावाच्या अग्रभागी कार्यकर्तेही असतात. अशा हिंसेविरुद्ध २०१० साली राज्याने कायदा केला. पण कायद्यापेक्षा विवेक महत्त्वाचा. त्या क्षणी समोरासमोर उभे असतात ते दोन्ही पक्ष कष्टकरीच : एका बाजूला मजुराचे नातलग, दुसऱ्या बाजूला कंत्राटी सिस्टर. रिक्त पदाच्या फाइलीवर बसलेला अधिकारी आणि त्या फाइलीला पैसा नाकारणारा मंत्री यांच्या केसालाही धक्का लागत नाही. मारलेल्या प्रत्येक डॉक्टरमागे दहा जण धडा घेतात : जोखीम घेऊ नका, पुढे पाठवा. म्हणजे हा राग शासनाच्याच धोरणाला बळ देतो.

त्याऐवजी कार्यकर्त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन खर्डीच्या ग्रामीण रुग्णालयात जावे, आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहून प्रश्न विचारावेत. मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्री किती जण? डिफिब्रिलेटर आहे काय. शेवटचा केव्हा तपासला आणि चावी कोणापाशी? ईसीजी रात्री निघतो काय, आणि तो वाचण्यास कोण? गुठळी विरघळविणारे औषध साठ्यात आहे काय? शेवटचा सराव केव्हा झाला? शॉक देण्याचा लेखी अधिकार सिस्टरला आहे काय? १०८ ला फोन केल्यापासून वाहन दारात येईपर्यंत गेल्या महिन्यात किती मिनिटे लागली? ही उत्तरे माहितीच्या अधिकाराखाली लेखी घ्यावीत, ग्रामसभेत वाचून दाखवावीत, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावीत. हेच प्रश्न टोकावड्यात, शहापुरात आणि मुरबाडातही विचारले जावेत. सोबत रिक्षाचालक, एसटीचे वाहक-चालक, शिक्षक, स्थानकावरील हमाल आणि आशा यांना छाती दाबण्याचे शिक्षण मिळावे. पहिल्या मिनिटाला तेच जवळ असतात. मात्र नागरिक शिकले म्हणून पदे भरण्याची गरज उरली नाही, असे शासनाला म्हणू देता कामा नये. लोकांचे हात पहिल्या पाच मिनिटांसाठी आहेत. सहाव्या मिनिटाला राज्य तेथे हजर पाहिजे.

१९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. पॅन्ट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे अवजड डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत चढविले आणि ते रुग्णाच्या दारापर्यंत नेले. त्या गोष्टीला सहा दशके लोटली. तेव्हापासून यंत्र हातात मावेल एवढे लहान झाले, महामार्ग आठपदरी होण्याच्या गोष्टी झाल्या, डोंगराच्या पोटातून आठ किलोमीटरचा बोगदा गेला. खर्डीच्या रुग्णाला मात्र अद्याप एकच उपचार सर्वप्रथम मिळतो, आणि तो म्हणजे ‘पुढे न्या’ हे दोन शब्द. यापुढे जेव्हा ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ ही ओळ छापली जाईल, तेव्हा वाचणाऱ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : हृदयक्रिया कोणाची बंद पडली होती, त्या माणसाची की राज्याची?